दादाची नवी आवृत्ती

मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक कशाकशासाठी येतात, त्याची यादी मला आता पाठ झाली आहे. लग्नपत्रिकेचा मजकूर तपासून घ्यायला येतात. बारशाला 'भ' अक्षरावरून, पण ऐकायला बरे लागेल असे नाव मागायला येतात. निवृत्त होणाऱ्या साहेबाचे मानपत्र लिहून घ्यायला येतात. आमच्या सोसायटीच्या चिटणिसांनी तर एकदा जिन्यात थुंकणाऱ्यांसाठी 'कडक पण सुसंस्कृत' अशी पाटी लिहून मागितली होती. मी ती लिहिली. थुंकणे चालूच आहे, पण पाटीचे कौतुक होते.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी माझा थोरला भाऊ आला. दारात छत्री झटकली, प्लॅस्टिकच्या पिशवीतून इंग्रजीत छापलेले तीस-चाळीस कागद काढले आणि माझ्यापुढे ठेवीत म्हणाला, "मास्तर, एवढं मराठीत करून दे." मला वाटले, पुतणीच्या कॉलेजचे काहीतरी असेल. पाहतो तो पहिल्याच पानावर 'ऑटोकॅड' असा मथळा आणि खाली नव्या आवृत्तीत काय काय बदलले त्याची जंत्री.

"हे तुला मराठीत कशाला?" मी म्हटले. "सत्तावीस वर्षं इंग्रजीतच करतोयस की!"

"करत होतो," दादा म्हणाला, आणि चहाची वाट पाहत खिडकीबाहेर बघत बसला.

दादा ड्राफ्ट्समन आहे. वय चोपन्न. तुर्भ्याच्या एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यांना लागणाऱ्या टाक्या आणि त्यांच्या बैठका बनवणारा एक मध्यम कारखाना आहे, तिथे तो १९९१ सालापासून आहे. तुर्भे म्हणजे खरे तर दोन गावे. स्टेशनच्या एका अंगाला बाजार. तिथे कांदा, मिरची आणि गूळ यांचा मिळून एक वास येतो, तो नव्या माणसाला शिंक आणतो आणि आम्हाला घरची आठवण. दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडला, की डोंगराच्या पायथ्यापर्यंत कारखाने. आमचे वडील माथाडी. साताऱ्याकडून मुंबईला आले ते दाणाबंदरात पोती वाहायला, आणि नव्वदीच्या आरंभी धान्याचा बाजार मुंबईतून उठून खाडीपलीकडे इथे आला, तेव्हा बाजारामागोमाग आम्हीही आलो. वडील रस्त्याच्या या अंगाला काम करायचे, दादा त्या अंगाला करू लागला. मधला रस्ता ओलांडायला आमच्या घराला एक पिढी लागली.

नव्या बाजारात पहिले सहा महिने वडील हरवल्यासारखे असत. बंदरात त्यांना माणसांची नावे माहीत होती, इथे गाळ्यांना नंबर होते. चाळीस किलोचे पोते पाठीवर घेऊन हा माणूस नंबर शोधीत उभा राहिलेला मी लहानपणी पाहिला आहे. ओझ्याने नव्हे, पण त्या शोधण्याने ते दमून घरी येत.

दादाने आयटीआय केले तेव्हा ड्राफ्ट्समन म्हणजे उभा फळा, त्यावर ताणून बसवलेला ट्रेसिंग पेपर, ड्राफ्टर, गुण्या आणि शाईची पेने. चुकले तर अर्ध्या ब्लेडने शाई खरवडायची, ती इतक्या हलक्या हाताने की कागदाला कळू नये. मग अमोनियाच्या वासाच्या प्रती काढायच्या. मी कॉलेजात गेलो त्या सुमारास वडिलांची पाठ गेली होती, आणि माझी फी हा घरातला मोठाच प्रश्न झाला होता. दादा बाहेरच्या आर्किटेक्टांची ट्रेसिंगची कामे घरी आणू लागला. रात्री खाटेवर फळा टाकून तो रेघा ओढीत बसे, आणि त्याच दिव्याखाली खाली जमिनीवर मी ज्ञानेश्वरी वाचीत असे. ज्ञानदेव मला किती कळले ते विद्यापीठ जाणे. पण निब कागदावरून सरकल्याचा तो बारीक आवाज मला अजून ऐकू येतो. २००२ साली मी एम.ए. झालो तो असा, नगावर. दर पानाला अमुक रुपये.

१९९८ मध्ये दादाने वाशीच्या एका क्लासात ऑटोकॅड शिकून घेतले. हा कार्यक्रम जगात आला १९८२ च्या अखेरीस. दादाच्या वाट्याला आली ती चौदावी आवृत्ती, १९९७ ची. तो तेव्हा सत्तावीस वर्षांचा. दोन महिन्यांत फळा भिंतीला लागला आणि दादाला त्याचे काहीच वाटले नाही. उलट घरी येऊन तो आम्हाला सांगे, की रेघेला 'एल' दाबायचे, वर्तुळाला 'सी', एका रेघेला समांतर दुसरी हवी तर 'ओ'; उंदीर फक्त जागा दाखवायला, बाकी सगळे डाव्या हातात. तबला शिकणारा पोर जेवणाच्या ताटावर बोल वाजवतो तसा तो ताटावर डाव्या हाताने बोटे वाजवी. वडील म्हणत, "आरं, अन्नाला ताल कशाला धरतोस?"

पुढे कारखान्यात २००७ ची आवृत्ती आली, आणि तिथेच कारखाना थांबला. मधल्या काळात त्या कार्यक्रमाचे रूप पार पालटले. २००९ च्या आवृत्तीपासून वरच्या खिडकीतल्या ओळीने लावलेल्या याद्या मागे पडून चित्रांची एक रुंद पट्टी आली. जुन्यांच्या सोयीसाठी जुना चेहरा निवडायची मुभा होती, तीही २०१५ च्या आवृत्तीत काढून टाकली. २०१६ पासून तर नवा परवाना कायमचा विकत मिळेनासा झाला, वर्षाच्या भाड्याने घ्यायचा. म्हणजे पागडीची खोली जाऊन लीव्ह-अँड-लायसन्स आले! पण दादाच्या टेबलापर्यंत यातले काही पोचले नाही. त्याचे जुने संगणक, जुनी आवृत्ती आणि जुना खुर्चीचा तक्क्या हे तिघे सुखाने नांदत होते. मग जुन्या विंडोजला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर कंपनीची मदत मिळणार नाही असे मालकांना कोणीतरी सांगितले, मालकांनी नवे संगणक घेतले, त्यांवर जुनी आवृत्ती धड बसेना, आणि एका सोमवारी दादा कामावर गेला तर टेबलावर सगळेच नवे.

मालक माणूस वाईट नाही. त्याने दादाला बोलावून सांगितले, "घाई नाही, दिवाळीपर्यंत बघू." पण चोपन्न वर्षांच्या माणसाला 'दिवाळीपर्यंत बघू' या तीन शब्दांतला मधला शब्द ऐकू येत नाही. त्याला पहिला आणि शेवटचा ऐकू येतो.

असो. मी भाषांतराला बसलो. आता मराठीच्या माणसाच्या हाती असे काम आले म्हणजे त्याच्या अंगात काय संचारते ते सांगायला नको. भाषा संचालनालय १९६० साली निघाले आणि त्याने विषयावार परिभाषाकोश काढले. ते माझ्या कपाटात आहेत आणि एरवी त्यांच्यावर धूळ असते. मी ते खाली उतरवले. दोनशे पानी वही घेतली. डावीकडे मूळ आज्ञा नागरीत, उजवीकडे मराठी. 'ट्रिम'ला कर्तन, 'ऑफसेट'ला समांतरण, 'मिरर'ला प्रतिबिंबन, 'एक्स्प्लोड'ला विघटन, 'रीजेन'ला पुनर्जनन. चित्रात न वापरलेला कचरा काढून टाकणारी 'पर्ज' नावाची एक आज्ञा आहे. तिला मी मोठ्या विचाराने 'विरेचन' असा शब्द दिला आणि स्वतःवर खूश झालो.

पुढच्या रविवारी दादाने वही चाळली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मास्तर, शॉपवर आम्ही 'ट्रिम मार' म्हणतो."

"पण त्याला मराठी—"

"'ट्रिम मार' मराठीच आहे," दादा म्हणाला.

माझ्या पंचवीस वर्षांच्या भाषाविज्ञानाला या वाक्यावर उत्तर सुचले नाही. विरेचनाचा अर्थ सांगितल्यावर मात्र तो इतका हसला, की वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. पुष्कळ दिवसांनी हसला, असे ती मला मागाहून म्हणाली.

एक आज्ञा तेवढी दोघांनाही आवडली. इंग्रजीत ती 'ऊप्स' अशी आहे. खोडण्याच्या आज्ञेने तुम्ही काही पुसले, आणि मग ध्यानात आले की पुसायचे नव्हते, तर हा शब्द टंकायचा. शेवटचे जे पुसलेले, ते परत येते. नुसती उलटी पावले टाकणारी आज्ञा निराळी. तिने मधले सगळेच जाते. हिचे वैशिष्ट्य असे, की पुसल्यानंतर तुम्ही आणखी चार रेघा ओढल्या असल्या तर त्या जागच्या जागी राहतात आणि पुसलेले तेवढे गुपचूप परत येऊन बसते. मी मराठी शब्द दिला, 'अरेरे'. दादा म्हणाला, "हा बरा आहे."

एका शनिवारी वहिनीने विसरलेला डबा देण्याच्या निमित्ताने मी कारखान्यात गेलो. खाली शॉपवर पत्र्यांचा आणि ग्राइंडरचा कल्लोळ, वर काचेच्या खोलीत चार टेबले. दादाची पाठ माझ्याकडे होती. पूर्वी मी इथे आलो होतो तेव्हाचे चित्र मला आठवत होते: दादाची नजर पडद्यावर, डावा हात कळांवर, मान सरळ. तो कळांकडे पाहतच नसे. आता त्याने चष्मा कपाळावर चढवला होता, मान पुढे काढली होती, आणि त्या चित्रांच्या पट्टीवर तो एकेक चौकोन बोटाने निरखीत होता. काही शोधीत होता. मला बाजारात पोते घेऊन गाळ्याचा नंबर शोधणारे वडील दिसले. मी डबा शेजारच्या टेबलावर ठेवला आणि न बोलावताच खाली उतरलो. हाक मारायला हवी होती असे नंतर वाटले.

त्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसते. डिप्लोमा झालेली, बाविशीची, घणसोलीहून येते. दादाला 'काका' म्हणते. तिला ही आवृत्ती जन्मजात येते; तिचा हात असा चालतो की पाहणाऱ्याला गरगरावे. मला प्रथम तिचा रागच आला होता, हे कबूल करतो. दादाच्या जागी उद्या कोण, याचे उत्तर तिथेच पाच फुटांवर बसले होते. पण दादा तिच्याविषयी वेगळेच सांगे. तिने एका टाकीच्या तोंडाशी बोल्ट दाखवले होते. माप बरोबर, अंतर बरोबर, चित्र सुंदर. दादाने विचारले, "बाळ, पाना कुठून घालणार?" बोल्ट आणि टाकीची भिंत यांच्यात पाना फिरायला जागाच नव्हती. पडदा हे सांगत नाही. तेव्हापासून ती प्रत्येक चित्र दादाला दाखवते, आणि दादा तिला विचारून पट्टीवरचे चौकोन शिकतो. दोघांचा असा काही व्यवहार चालला होता, त्याची मालकांना कल्पना होती की नाही कोण जाणे.

श्रावणात एका संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "भावोजी, हे जेवले नाहीत. काही बोलतही नाहीत."

झाले होते असे. 'ट्रिम'ची जुनी रीत अशी, की कोणत्या रेघेने कापायचे ती सुरी आधी दाखवायची, आणि मग कापायची रेघ. दादासारखे जुने लोक सुरी न दाखवता नुसती एक जादा टिचकी मारतात. तिचा अर्थ, चित्रातल्या सगळ्याच रेघा सुऱ्या समज. म्हणजे 'टी', 'आर', आणि दोन टिचक्या. ही चाल त्याच्या बोटांत पाव शतक मुरलेली. २०२१ च्या आवृत्तीपासून कार्यक्रम आपण होऊनच सगळ्या रेघांना सुऱ्या समजतो. त्यामुळे दुसरी टिचकी मारली की आज्ञाच बंद होते. दादा पुन्हा आज्ञा देई, पुन्हा बोट सवयीने दोनदा पडे, पुन्हा बंद. इथवर नुसता त्रास. पण आणखी एक फरक होता. जुन्या आवृत्तीत एखादी रेघ दुसऱ्या कोणत्याही रेघेला छेदत नसेल, तर ती कापायला कार्यक्रम नकार देई: छेदच नाही, कापू काय? नवी आवृत्ती नकार देत नाही. ती अख्खी रेघ पुसून टाकते. दादाला हे माहीत होते, त्या कागदांत लिहिले होते, मी भाषांतरही केले होते. चूक कार्यक्रमाची नाही, हे दादाच पहिल्यांदा म्हणाला. दोन-तीनदा आज्ञा बंद पडल्यावर त्या धांदलीत त्याचा उंदीर भलत्या रेघेवर टेकला, ती गेली, आणि त्याचे लक्ष नव्हते.

ती रेघ म्हणजे टाकीच्या बैठकीतली एक आडवी पट्टी. चित्र छोट्या प्रमाणातले, पट्टी म्हणजे एकच रेघ. चित्र खाली शॉपवर गेले. नशीब एवढेच, की खालच्या जुन्या फिटरने सामानाची यादी ताडून पाहिली. यादीत सहा पट्ट्या, चित्रात पाच. तो कागद घेऊन वर आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "साहेब, एक पट्टी कुठे गेली?"

मी दादाकडे गेलो तेव्हा तो गॅलरीत अंधारात बसला होता. समोर बाजाराच्या गाड्या लागत होत्या. मी बरेच काही ठरवून गेलो होतो. म्हणालो, "दादा, चार वर्षं राहिलीत. नसेल जमत तर सोड. पुतणीचं मी बघतो. मी आहे ना."

मला वाटत होते, हे वाक्य मी पंचवीस वर्षे म्हणायचे राहिलो होतो. पण ते अगदीच भलत्या वेळी बाहेर पडले.

"पैशाचं नाही रे," दादा म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "माझ्या हातून रेघ गेली आणि मला कळलं नाही. ब्लेडनं खरवडायचो तेव्हा कळायचं."

याच्यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. मला आमचे शाळेतले एक मराठीचे सर आठवले. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे चौदा नियम सरकारने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी चार आले, आणि 'नाहीं', 'कांहीं', 'घरें' यांवरची उच्चारात नसलेली टिंबे गेली. सर जुन्या टिंबांत वाढलेले. १९९० सालीसुद्धा फळ्यावर लिहिताना त्यांचा खडू आपोआप टिंब देई, आणि लगेच ते अंगठ्याने पुसत. प्रत्येक 'नाही'च्या डोक्यावर एक पांढुरका डाग राही. आम्ही पोरे हसायचो. त्यांच्या तासाचा पोरांनी वहीत हिशेब ठेवला होता: आज सरांनी इतकी टिंबे पुसली. माझाच सर्वांत मोठा आकडा होता. मी ही गोष्ट दादाला सांगितली नाही.

घणसोलीच्या मुलीने दुसऱ्या दिवशी एक उपाय काढला. या कार्यक्रमात जुन्या सवयी परत आणायच्या चाव्या लपवून ठेवलेल्या असतात. एक चावी फिरवली की वरच्या याद्या परत दिसतात. दुसरी फिरवली की 'ट्रिम' पुन्हा पहिल्यासारखी वागू लागते, दोन टिचक्यांची. तिने दोन्ही फिरवून दिल्या आणि म्हणाली, "घ्या काका, तुमचं घर तुम्हाला."

दादाने याद्या ठेवून घेतल्या. 'ट्रिम'ची चावी मात्र त्याने तिला पुन्हा उलटी फिरवायला लावली. मी विचारले, का? तर म्हणाला, "उद्या हिच्या मशीनवर बसायची वेळ आली, किंवा मशीन बदललं, तर हात पुन्हा दोनदा पडणार आणि पुन्हा कुणाची तरी पट्टी जाणार. हातालाच शिकवतो." मला हा निव्वळ हट्ट वाटला. अजूनही थोडा वाटतो.

पण त्याने हाताला शिकवायला घेतले. रविवारी आमच्याकडे बोलता बोलता त्याची बोटे सोफ्याच्या दांडीवर चालत: दोन पटपट, मग एक, मग थांबणे. ते थांबणे त्याला कठीण जाई. तिसऱ्या टिचकीनंतर चौथे बोट उचलले जाई आणि अधांतरी राही, ताल चुकलेल्या वादकाने हात सावरावा तसे. गणपतीत ते निम्म्या वेळा पडत होते. दसऱ्याला क्वचित. वहिनी म्हणे, झोपेतसुद्धा पांघरुणावर चालू असते.

मालकांनी दिवाळीपर्यंत काय पाहिले, ते दादाला कळले नाही. बोनस सगळ्यांबरोबर मिळाला, मिठाईचा पुडा मिळाला, आणि धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी एका नव्या कामाचे कागद त्याच्या टेबलावर आले. काम पुढच्या मार्चपर्यंतचे आहे, एवढे त्याने वहिनीला सांगितले.

लक्ष्मीपूजनाला तो आला तेव्हा माझी वही परत घेऊन आला. "आता नको," म्हणाला. रात्री सगळे गेल्यावर मी ती उघडली. माझ्या उजव्या बाजूच्या शब्दांवर त्याने लाल पेन्सिलीने काट मारली होती. मी पेपर तपासताना मारतो तशीच, पण पट्टी लावून, सरळ. कर्तनाच्या जागी लिहिले होते 'ट्रिम, एकच टिचकी'. समांतरणाच्या जागी 'ऑफसेट'. पुनर्जननाच्या पुढे 'चित्र धुऊन घे'. विरेचनाला काट नव्हती. पुढे कंसात 'हा हा' असे होते. आणि 'अरेरे' तसाच ठेवला होता, खाली त्याच्या त्या तिरप्या, सुबक, ट्रेसिंग पेपरवरच्या अक्षरात एक ओळ जोडून: 'फक्त शेवटचे पुसलेले परत येते. लक्षात ठेवणे.'